घोडे तेवढेच

लोणावळ्यात पावसाळ्यातल्या रविवारी गाडीला वेग नसतो, फक्त किंमत असते. सकाळी दहानंतर भुशी धरणाच्या रस्त्यावर उभं राहून बघावं. पुढे टेम्पो ट्रॅव्हलर, तिच्या खिडक्यांतून पावसात बाहेर आलेले हात. मागे एकाच रेनकोटात दोन डोकी कोंबलेली दुचाकी. तिच्या मागे सव्वा कोटीची एसयूव्ही. आणि तिच्या मागे आमचा दूधवाला, रिकाम्या किटल्या वाजवत. पहिल्या तिघांचा वेग सारखाच. दूधवाल्याचा थोडा जास्त, कारण त्याला गटाराच्या कडेची वाट माहीत आहे.

आम्ही लोणावळेकर रविवारी सहसा घराबाहेर पडत नाही. पडावंच लागलं तर छत्री घेऊन पायी निघतो आणि रांगेतल्या गाड्या बघत बघत जातो. गेल्या काही वर्षांत या रांगेत उंच, रुंद, अंगावर पाण्याचा थेंब न ठरणाऱ्या गाड्या फार वाढल्या. त्यांना परदेशी म्हणून नावं ठेवायची सोयही आता उरलेली नाही. मर्सिडीजचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. त्याआधी चाकण म्हटलं की आमच्याकडे कांद्याचा बाजार आठवायचा. रेंज रोव्हरही २०२४ पासून पुण्यात जुळवली जाऊ लागली. म्हणजे ही मंडळी आता शेजारच्या तालुक्यातली. शेजारच्या तालुक्यातला माणूस कडक इस्त्रीचे कपडे घालून दारावरून गेला, तर जितपत कौतुक वाटावं, तितपतच आम्हाला त्यांचं वाटतं.

त्यांतली एक गाडी आमच्या साडूभाऊंची. ते ठाण्याला असतात. गाडीचं नाव मी सांगत नाही. ते काम ते स्वतः करतात. श्रावणातल्या एका रविवारी ते, त्यांच्या पत्नी ताई आणि आमच्या दोघांच्याही सासूबाई असे सगळे आमच्याकडे जेवायला आले होते. जेवण झाल्यावर टायगर पॉइंटला जाऊन यायचं ठरलं. ‘ठरलं’ म्हणजे साडूभाऊंनी ठरवलं. त्यांना आम्हाला दरी दाखवायची नव्हती, दरी आम्ही जन्मापासून बघतोय. त्यांना बटण दाखवायचं होतं.

बटण म्हणजे खरं तर गियरच्या दांड्याशेजारची गोल चकती. ती फिरवली की पडद्यावर एकेक पर्याय येतो. इको, म्हणजे काटकसर. कम्फर्ट, म्हणजे आराम. एका पर्यायावर बर्फाचं चित्र आहे. ठाणे ते लोणावळा या वाटेवर बर्फ फक्त गोळेवाल्याकडे मिळतो, पण कंपनीनं आपली तयारी ठेवली आहे. आणि शेवटचा, ज्याच्यासाठी एवढे पैसे मोजले, तो स्पोर्ट. आपल्याकडच्या महिंद्रानं चाकणलाच तयार झालेल्या एक्सयूव्ही सातशेमध्ये या पर्यायांना झिप, झॅप आणि झूम अशी नावं दिली होती. ती ऐकून सासूबाई म्हणाल्या, “तिळी झाल्या का कुणाकडे?”

भुशीची रांग संपली, आयएनएस शिवाजीची भिंत मागे पडली आणि चढ लागला. साडूभाऊंनी मान वळवून सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

“साडूभाऊ, धरून बसा. आता बघा हिचं खरं रूप!”

चकती फिरली. समोरची निळी घड्याळं लालभडक झाली. दारांच्या कडेनं चाललेली मंद उजेडाची रेघ, तीही लाल. पायाखालून गुरगुर ऐकू येऊ लागली. हा आवाज काही गाड्यांत सायलेन्सरमधली एक झडप उघडून वाढवतात आणि काही गाड्यांत चक्क आतल्या स्पीकरमधून त्याला जोड देतात. म्हणजे ज्या स्पीकरमधून मघाशी अभंग चालला होता, त्यातूनच आता इंजिन डरकाळ्या फोडतं. भर म्हणून खुर्चीच्या दोन्ही बाजू आत सरकल्या आणि त्यांनी माझी कंबर धरली. वळणावर माणूस हलू नये म्हणून ही सोय असते. ती ज्यांनी बसवली, त्यांनी जेवणानंतरची मराठी कंबर मोजलेली नसावी.

गाडीनं एक हिसका दिला, मग दुसरा. मागच्या सीटवरून सासूबाईंचा शांत आवाज आला, “जावईबापू, गाडीत काही बिघडलं का हो? मघाशी बरी चालली होती.”

सासूबाईंच्या या प्रश्नावर साडूभाऊंनी उत्तर दिलं नाही, पण मला तो फार मूलभूत वाटला. कोटभर रुपयांच्या गाडीत एक चकती फिरवल्यावर नेमकं बदलतं काय? मी तेव्हापासून जाणत्या मंडळींना विचारत आलो. आमच्या आळीतल्या गॅरेजवाल्यानं पहिल्या वाक्यातच फुगा फोडला. म्हणाला, “काका, घोडे तेवढेच. तीनशे असतील तर तीनशेच. बटण दाबून चारशे होत नाहीत.” बहुतेक गाड्यांच्या बाबतीत हे खरं आहे. इंजिनाची कमाल ताकद कम्फर्टमध्ये जेवढी, तेवढीच स्पोर्टमध्ये. मग तो हिसका कुठून आला?

तो आला पायाच्या आणि इंजिनाच्या मधल्या माणसाकडून. पूर्वी अ‍ॅक्सिलरेटरच्या पट्टीपासून इंजिनापर्यंत एक केबल जायची. पाय जितका दाबला, तितकी तिकडची झडप उघडली, मामला रोखठोक होता. आता ती केबल नाही. पट्टीखाली एक सेन्सर असतो, तो पाय किती दाबला गेला ते फक्त कळवतो. आणि त्यावरून इंजिनाला काय सांगायचं, हे मधला संगणक ठरवतो. एकत्र कुटुंबातल्या आत्याबाईंचं काम हा संगणक करतो. आजोबा आत तणतणायचे, “सांग त्याला, या घरात पाय ठेवायचा नाही म्हणावं!” आत्याबाई ओसरीवर येऊन म्हणायच्या, “दादा जरा दमलेत रे. तू हातपाय धू, जेवून घे.” हे झालं कम्फर्ट. पाय पाव दाबला, तर आत्याबाई इंजिनाला सांगतात, जरा उठतोस का, घाई नाही. स्पोर्टमध्ये त्याच आत्याबाई निरोप जसाच्या तसा पोचवतात, वर पदरचे चार शब्द घालतात. पाय पावच दाबलेला असतो, पण इंजिनाला अर्धा दाबल्यासारखं वाटतं आणि ते उठून धावत सुटतं. आणि आजोबा स्वतःच ओसरीवर येऊन ओरडले, म्हणजे पट्टी तळापर्यंत दाबली, तर आत्याबाई मऊ असोत की कडक, काही फरक पडत नाही. तिथे दोन्ही मोडमध्ये इंजिन सारखंच पळतं.

गिऱ्हाइकाला हे कळत नाही असं नाही. पण पाय थोडासा टेकवला आणि दोन-सव्वादोन टनांची गाडी लगेच उसळली, की माणसाला वाटतं आपल्या अंगात बळ आलं. खरं म्हणजे आपल्या शब्दाला मान आला. घरात, कचेरीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपण बोललेलं चौथ्यांदा ऐकलं जातं. इथे अंगठ्याच्या नुसत्या हालचालीवर तीनशे घोडे उठून उभे राहतात. साडूभाऊ सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. पाणीपट्टी भरा म्हणून ते वर्षभर सांगत असतात. त्यांना स्पोर्ट मोड का आवडतो हे मला तिथे समजलं.

दुसरा बदल गियरचा. हल्लीच्या या गाड्यांत आठ-नऊ गियर असतात आणि ते आपले आपण पडतात. कम्फर्टमध्ये गाडीला वरच्या गियरची ओढ असते. इंजिन कमी फिरावं, तेल कमी जळावं, आवाज होऊ नये, म्हणून ती जरा संधी मिळाली की वर सरकते. स्पोर्टमध्ये ती खालचा गियर सोडत नाही. इंजिन जास्त फेऱ्यांवर फिरत ठेवते, म्हणजे हुकूम आला की ताकद हाताशी तयार. तेल अर्थातच जास्त जातं. ही खालचा गियर धरून ठेवण्याची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिच्याशी काम आहे.

तिसरा बदल चाकांच्या वरचा. चाक खड्ड्यात गेलं की शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधलं तेल बारीक भोकांतून सरकतं आणि धक्का जिरवतं. महागड्या गाड्यांत या वाटा विजेच्या इशाऱ्यानं लहान-मोठ्या करता येतात. स्पोर्टमध्ये त्या अरुंद होतात, गाडी कडक होते, वळणावर झुकत नाही. हवेच्या फुग्यांवर उभी असलेली गाडी या वेळी साधारण १५ ते २० मिलिमीटर खालीही बसते. जर्मनीतल्या गुळगुळीत महामार्गावर याचा फार उपयोग होत असणार. आमच्याकडे श्रावणात रस्त्याला जे खड्डे असतात, त्यांतला प्रत्येक खड्डा कम्फर्टमध्ये फक्त चाकाला कळतो. स्पोर्टमध्ये तो मणक्याला नावानिशी कळतो. मागे सासूबाईंच्या मांडीवर चिक्कीचा पुडा होता. टायगर पॉइंटला पोचेपर्यंत तिचा चुरा झाला. “बरं झालं,” त्या म्हणाल्या, “दातांचा प्रश्न सुटला.”

चौथं स्टिअरिंग. ते फिरवायला विजेची मोटर मदत करते. स्पोर्टमध्ये ती मदत कमी करते आणि चाक हाताला जड लागतं. म्हणजे आधी पैसे देऊन श्रम कमी करून घ्यायचे आणि मग आणखी पैसे देऊन ते परत विकत घ्यायचे. जिममध्ये जाणाऱ्यांना यात काही वावगं वाटत नाही.

पाचवा बदल मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. चाक घसरू लागलं की ते आवरणारी जी यंत्रणा असते, ती बऱ्याच गाड्यांत स्पोर्ट मोडमध्ये जरा सैल सोडलेली असते, चालवणाऱ्याला मजा यावी म्हणून. कोरड्या रस्त्यावर हे ठीक. पण मावळातला पाऊस, रस्त्यावर वाहत आलेली लाल माती, वर धुकं, आणि पट्टीला पाय लागताच उसळणारी गाडी, हा मेळ काही बरा नव्हे. गाड्यांची पुस्तकंसुद्धा ओल्या, निसरड्या रस्त्यावर मवाळ मोड ठेवायला सांगतात. पण गाडीचं पुस्तक सगळ्यांच्या डॅशबोर्डच्या खणात असतं आणि प्लास्टिकच्या पिशवीतून कधीच बाहेर येत नाही.

टायगर पॉइंटवर धुक्यात दहा फुटांपलीकडचं दिसत नव्हतं. सगळ्यांनी धुक्याचे फोटो काढले, कांदाभजी खाल्ली आणि परत निघालो. परतताना भुशीपाशी रांग होतीच. साडूभाऊंनी मोड काही बदलला नव्हता. आराम मोडमध्ये गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद पडतं, तेवढंच तेल वाचतं. स्पोर्टमध्ये ती सोय बहुधा बंद असते, कारण खेळाडूनं सदैव सज्ज असलं पाहिजे. म्हणून लाल घड्याळं, लाल दिवे आणि स्पीकरमधल्या डरकाळ्या अशा थाटात आम्ही मिनिटाला एक गाडी-लांबी या वेगानं गावाकडे सरकत होतो. काचेशी मक्याची कणसं विकणारी एक बाई आमच्याबरोबर चालत होती. कणसाला लिंबू-मीठ चोळून, पैसे घेऊन, सुटे परत देऊन ती आमच्या पुढे निघून गेली.

मला इथे साडूभाऊंना हसायचं नाही. वेगाची हौस जुनी आहे आणि तिच्यासाठी जागाही आहेत. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर मोटारींच्या सरळ रेषेतल्या शर्यती झालेल्या आहेत. तिथे हा मोड लावावा आणि आत्याबाईंना हवं ते बोलू द्यावं. पण एक्सप्रेसवेचा हिशेब वेगळा. सपाटीवर मोटारींना ताशी १०० ची मर्यादा आणि घाटात ६० ची, आणि २०२४ पासून वर कॅमेरे डोळे लावून बसलेले. घाट साधारण १५ किलोमीटरचा धरला, तर ६० च्या वेगानं त्याला १५ मिनिटं लागतात आणि नियम मोडून ८० नं गेलं तर सव्वाअकरा. वाचली पावणेचार मिनिटं. पुढे फूड मॉलवर वड्याच्या रांगेत आपण त्याहून जास्त वेळ हसत हसत घालवतो. शिवाय कॅमेऱ्यानं टिपलं तर दंडाची पावती.

खरं म्हणजे इथला कुठलाच घाट जोरापुढे कधी वाकलेला नाही. इतिहास काढून बघा. १६६१ च्या फेब्रुवारीत शाहिस्तेखानानं धाडलेला कारतलबखान मोठी फौज आणि बक्कळ सामानसुमान घेऊन लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटानं कोकणात उतरायला निघाला. त्या काळची ती सर्वांत जड गाडी म्हणायला हरकत नाही. खाली उंबरखिंडीत वाट इतकी चिंचोळी झाली की पुढच्याला थांबता येईना आणि मागच्याला वळता येईना. दोन्ही तोंडांशी शिवाजी महाराजांचे लोक, वर झाडीत मावळे. खानाच्या फौजेत रायबाघन नावाची एक स्त्री सरदार होती. तिनं खानाला शहाणपणाचा सल्ला दिला, की आता शरण जावं. खानानं तो मानला, खंडणी भरली, सामान तिथेच टाकलं आणि तो सुटला. एवढ्या फौजेत ‘थांबा’ म्हणणारं एकच माणूस निघालं, आणि त्यानंच सगळ्यांचे जीव वाचवले.

पुढे १८३० मध्ये सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. मग आली रेल्वे. तिचं काम १८५६ मध्ये सुरू झालं. सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या कंत्राटदारानं १८५९ मध्ये काम हाती घेतलं आणि इथे आल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिनं बोटीनं परत न जाता, जाणती माणसं नेमून ते कंत्राट पुढे नेलं आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली. सुमारे १५ मैलांत १,८३१ फुटांची चढण, आणि ती जिथे सर्वांत तीव्र आहे तिथे प्रत्येक ३७ फुटांना एक फूट चढ. रेल्वेनं या चढावर काय केलं बघा. एकाच इंजिनाला ‘आता जरा जोर दाखव’ म्हणून लाल दिवा लावला नाही. कर्जतला गाडी थांबवली आणि तिच्या मागे ढकलायला आणखी इंजिनं जोडली. ती बँकर इंजिनं आजही जोडतात. तेवढ्या वेळात प्रवासी बटाटेवडा खातात. आणि उतरताना तर सगळी काळजी ब्रेकचीच. वेगावर कडक बंधन आणि गाडी हातची सुटलीच तर तिला चढावर नेऊन थांबवणारा वेगळा रूळ, कॅच सायडिंग. चढण्यापेक्षा उतरण्याचा विचार ज्यांनी जास्त केला, त्यांची गाडी इतकी वर्षं या घाटात टिकली.

आमच्या सासऱ्यांची फियाट याच घाटातली. स्टिअरिंगच्या दांड्यावर गियर असलेली, चार गियरांची. मे महिन्यात खोपोलीहून वर निघाली की अर्ध्या घाटात रेडिएटरमधून वाफ निघायची. तिच्यासारख्याच आणखी दहा-बारा गाड्या बॉनेट वर करून कडेला उभ्या असायच्या. लोक एकमेकांना पाणी द्यायचे, डबे सोडायचे, सोयरिकीची चौकशी करायचे. ताई गाडी शिकल्या त्या या फियाटवर आणि याच घाटात, कारण सासऱ्यांचं म्हणणं असं होतं की मैदानात गाडी कुणीही शिकतं.

त्या रविवारी संध्याकाळी ताईंचं ते शिक्षण कामी आलं. मंडळी ठाण्याला परत निघाली. मला खोपोलीला उतरायचं होतं, म्हणून मीही बसलो. पाऊस दुपारपासून उघडला होता, उन्हानं रस्ता वाळला होता. साडूभाऊंना दुपारचा मसालेभात आणि वरची भजी मिळून डोळे उघडे ठेववेनात, तेव्हा ताईंनी किल्ली मागून घेतली. खंडाळा मागे पडलं, जुन्या रस्त्याला उतार लागला, आणि ताईंनी कुणाकडेही न बघता चकती फिरवली. घड्याळं लाल झाली. साडूभाऊ खाडकन जागे झाले.

“तू स्पोर्ट मोड लावलास?”

“हो.”

“अगं, तो पळवायला असतो!”

“असेल. पण गियर धरून ठेवतो ना?” ताईंची नजर रस्त्यावर. “तुमची ही गाडी उतारावर आपली आपण वरचा गियर टाकते आणि मोकळी सुटते. मग मी सारखा ब्रेक दाबत बसायचं. बाबा काय सांगायचे? ज्या गियरमध्ये चढलो, त्याच गियरमध्ये उतरायचं. या तुमच्या बटणावर ठेवली की ती खालचा गियर सोडत नाही. ओढून धरते.”

आणि ती खरोखरच ओढून धरत होती. आमच्या पुढे लोखंडाच्या सळ्या लादलेला एक ट्रक होता, तोही खालच्या गियरमध्ये, इंजिनाचा जाडा सूर लावून. उतारावर खालच्या गियरमध्ये पाय काढून घेतला, की चाकं इंजिनाला फिरवू पाहतात आणि इंजिन त्यांना मागे खेचतं. ब्रेक तापत नाहीत. नुसत्या ब्रेकवर लांब उतार उतरला, तर ते तापून तापून शेवटी पकड सोडतात. घाटात जळका वास येतो तो या भानगडीचा, आणि बोरघाटातले कितीतरी अपघात त्या वासापासून सुरू झालेले आहेत. हे प्रत्येक ट्रकवाल्याला माहीत असतं. या गाड्यांत हाती गियर टाकायची पट्टीही स्टिअरिंगमागे असते, तिनंही हे काम होतं. पण ताईंना ती पट्टी कुणी दाखवली नव्हती. साडूभाऊंनी दाखवलं होतं ते बटण. अंगात रग यावी म्हणून केलेल्या सोयीतून त्यांनी नेमका धीर तेवढा काढून घेतला. चाळीसच्या आसपासच्या वेगानं, ब्रेकला जेमतेम पाय लावत, लाल दिव्यांच्या झगमगाटात आम्ही ट्रकच्या मागे अदबीनं उतरत होतो. आत्याबाईंना बोलायला कामच नव्हतं, कारण आजोबांनी तोंड उघडलं नव्हतं.

शिंग्रोबाचं देऊळ आलं. लोक सांगतात, इंग्रजांना घाटातून वाट सापडत नव्हती तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगरानं ती दाखवली. बक्षीस काय हवं विचारल्यावर त्यानं देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि गोऱ्यांनी त्याला गोळी घातली. तेव्हापासून येणारा-जाणारा चालक इथे गाडी हळू करतो आणि नाणं टाकतो. फास्टॅगमधून न कापला जाणारा या वाटेवरचा हा एकच टोल. ताईंनी गाडी हळू केली, सासूबाईंनी काच खाली करून नाणं टाकलं, हात जोडले आणि सीटला डोकं टेकलं.

“हं,” त्या समाधानानं म्हणाल्या, “आता कशी नीट चालतेय. मघाशी काय झालं होतं ते दुरुस्त केलंत वाटतं, जावईबापू.”

“सासूबाई, आत्तासुद्धा स्पोर्ट मोडच आहे!” साडूभाऊ कळवळून म्हणाले.

“असू दे, असू दे,” सासूबाई म्हणाल्या आणि झोपल्या.

साडूभाऊ खोपोलीपर्यंत गप्प होते. माणूस मोठ्या मनाचा आहे, पण इतका वेळ गप्प राहण्याची त्यांना सवय नाही. परवा ठाण्याला त्यांच्या सोसायटीत गणपतीच्या मीटिंगला मी हजर होतो. पाच-सहा सभासद त्यांच्याभोवती उभे होते आणि साडूभाऊ समजावून सांगत होते की स्पोर्ट मोडचा खरा उपयोग चढावर नसतोच मुळी, तो असतो उतारावर. गियर धरून ठेवणं, इंजिननं ओढणं, ब्रेकचं तापणं, सगळं तपशीलवार, हातवारे करून. सभासद माना डोलवत होते. ताई शेजारी चहाचे कप भरत होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा हळूच म्हणाल्या, “बोलू द्या हो, भाऊजी. इंजिन एकीकडे असतं, स्पीकर दुसरीकडे.”